डिंगबोचेचा मुक्काम कापू नका

"माझं वय ४७. डोंबिवलीला राहते, फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. बँकेतल्या ग्रुपबरोबर सह्याद्रीत भटकते. राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई झालं आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही नऊ जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललोय, आगाऊ पैसेही भरलेत. आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक रजा वाचावी म्हणून काही जणांना वाटेतल्या डिंगबोचे गावातला विश्रांतीचा दिवस काढून टाकायचा आहे. दीर म्हणतात, कळसूबाई चढतेस, तुला काय होणार आहे! मुलगा म्हणतो, डायमॉक्सची गोळी घे म्हणजे झालं. सासूबाईंनी कापराची पुडी आत्तापासून काढून ठेवली आहे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.२ आलं. खरं सांगायचं तर मला उंचीपेक्षा मागे पडण्याची भीती जास्त वाटते. कळसूबाईलाही मीच शेवटची होते. माझ्यामुळे आठ जण खोळंबले तर? तयारी कशी करू?"
— मेधा (नाव बदललं आहे), डोंबिवली

मेधाताई,

पैसे भरण्याआधी विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, पहिल्यांदाच जाताय तर बंगाल-नेपाळ सीमेवरचं संदकफू करा, ३,६३६ मीटर. उंचीवर आपलं शरीर कसं वागतं ते कळतं आणि परतायला फार लांब जावं लागत नाही. पण आता पैसे भरले, रजाही मंजूर झाली असेल. हरकत नाही. बेस कॅम्प पहिलाच ट्रेक म्हणून करणारे पुष्कळ असतात आणि नीट करून येतात. अट एकच, रात्री मोजायच्या.

ट्रेकची जाहिरात करणारे शेवटची उंची ठळक छापतात. बेस कॅम्प ५,३६४ मीटर. तुम्ही तो आकडा बाजूला ठेवा आणि एका कागदावर फक्त मुक्कामांची उंची लिहा. फाकडिंग २,६१०. नामचे ३,४४०, तिथे दोन रात्री. टेंगबोचे ३,८६०. डिंगबोचे ४,४१०, तिथेही दोन रात्री. लोबुचे ४,९४०. गोरकशेप ५,१६४. उंचीवरच्या डॉक्टरांचा साधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच गावात काढावी. आता तुमच्या कागदाकडे बघा. फाकडिंगहून नामचे ८३० मीटर, म्हणून तिथे दोन रात्री. टेंगबोचेहून डिंगबोचे ५५०, डिंगबोचेहून लोबुचे ५३०. दोन्ही टप्पे नियमाच्या जरा बाहेरच आहेत. मध्ये डिंगबोचेची दुसरी रात्र असते म्हणून ते चालून जातं. ती रात्र काढली की नामचे सोडल्यापासून गोरकशेपपर्यंत चार रात्रींत १,७२४ मीटर, एकही थांबा नाही. रजा वाचवण्याच्या नादात नेमका सगळ्यात महाग दिवस कापायला निघालेत तुमचे सहकारी.

शिवाय त्या दिवशी कुणी पांघरूण घेऊन पडून राहत नाही. गावामागच्या डोंगरावर चार-पाचशे मीटर चढायचं, वर थोडा वेळ बसायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं. डिंगबोचेहून टेकडीपलीकडे फेरिचे आहे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र हंगामात चालू असतं आणि उंचीच्या आजारांवर तिथले डॉक्टर ट्रेकर्सना माहिती देतात. गाइडला सांगून ते ऐकायला जरूर जा. तुमच्या ग्रुपमधल्या रजावाल्यांना तर हाताला धरून न्या.

हे सगळं कशासाठी, ते थोडक्यात सांगते, कारण दिरांना उत्तर द्यायला उपयोगी पडेल. हवेतला प्राणवायूचा वाटा डोंबिवलीत २१ टक्के आणि गोरकशेपलाही २१ टक्केच. उतरतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरच्या आसपास तो समुद्रकाठच्या निम्मा होतो, म्हणजे एका श्वासात जेमतेम निम्मा प्राणवायू हाती लागतो. शरीर त्यावर आपापली व्यवस्था करतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला तोल बदलायला लागतात, लघवी जास्त होते. पण त्याला दिवस लागतात आणि ते काम इथे राहून आगाऊ करून ठेवता येत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. तुमचा ट्रेक जिथून सुरू होतो ते लुक्लाच तिच्यापेक्षा बाराशे मीटर उंच आहे. महाराष्ट्रातला कुठलाही डोंगर तुमच्या पायांची परीक्षा घेईल, उंचीची नाही. आणि दणकट माणसाला उंची लागत नाही हा तर शुद्ध गैरसमज आहे. उलट तोच भराभरा वर जातो आणि डोकं ठणकत असलं तरी बोलत नाही.

म्हणजे तुम्ही ज्याची लाज बाळगताय तीच तुमची जमेची बाजू. तिथले शेर्पा गाइड दिवसातून पन्नास वेळा 'बिस्तारै, बिस्तारै' म्हणत असतात. हळूहळू. जो वेग धरून दोन वाक्यं न थांबता बोलता येतात, तोच वेग. धाप लागून थांबायचं, पुन्हा सुटायचं, पुन्हा थांबायचं, यापेक्षा गोगलगायीसारखं पण सलग चालणारी बाई मुक्कामाला ताजीतवानी पोचते. चांगल्या आयोजकाकडे शेवटच्या माणसाच्या मागे चालायला एक गाइड असतोच. तो आहे का, हे आजच विचारून घ्या. असेल तर कुणी कुणासाठी खोळंबत नाही. पुढचे चहाच्या दुकानात जाऊन बसतात, मागचे आपल्या चालीने येतात.

मला तुमच्या पत्रातली काळजी वाटते ती वेगळीच. जी बाई मागे पडण्याला इतकी भिते, ती लोबुचेला डोकं दुखत असताना 'काही नाही, जरा झोप झाली नाही' म्हणेल. ते करू नका. खोलीत तुमच्याबरोबर जी मैत्रीण असेल तिच्याशी मुंबईतच करार करा. रोज संध्याकाळी दोघींनी एकमेकींना चार प्रश्न विचारायचे. डोकं दुखतंय का? जेवण जात नाहीये का, मळमळतंय का? चक्कर येतेय का? नेहमीपेक्षा फार गळून गेल्यासारखं वाटतंय का? डोकेदुखी आणि तिच्या जोडीला बाकीच्यांपैकी एक जरी असेल तर ती उंचीच समजायची, दुसरं काही आहे असं सिद्ध होईपर्यंत. मग नियम सोपा. तिथेच थांबायचं, गाइडला सांगायचं आणि लक्षणं पूर्ण जाईपर्यंत एक पाऊलही वर टाकायचं नाही. वाढली तर खाली. डोकेदुखीला पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, पण गोळीचा असर उतरल्यावर काय राहतं ते बघायचं.

दोन गोष्टींना मात्र थांबणंसुद्धा पुरत नाही. सरळ रेषेत टाचेला पुढच्या पावलाची बोटं लावत चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा विचित्र वागत असेल, तर मेंदूला सूज येते आहे. बसल्या जागी धाप लागत असेल, आडवं पडल्यावर ती वाढत असेल, खोकला सुटला असेल, तर फुप्फुसात पाणी भरतंय. दोन्ही वेळेला लगेच खाली उतरवायचं, रात्र असली तरी, आणि एकटं कधीही पाठवायचं नाही. सकाळी बघू म्हणण्यात माणसं जातात.

उलट काही गोष्टींना घाबरायचं कारण नाही. रात्री झोपेत श्वास क्षणभर थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येणं हे तिथे बहुतेकांना होतं. कोरड्या थंड हवेने घसा धरतो, ठसका लागतो. त्यासाठी नाकातोंडावर बफ किंवा साधा रुमाल बांधून चालावं. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर न्या, पण त्याच्यावरून ग्रुपमध्ये स्पर्धा लावू नका. डिंगबोचेला ऐंशीच्या घरातला आकडा दिसणं नेहमीचं आहे आणि बोट गार असलं तर यंत्र वाटेल ते दाखवतं. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय ते बघावं.

आता हिमोग्लोबिन. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, कारण तयारीतली हीच गोष्ट उशीर सहन करत नाही. प्राणवायू वाहून नेणारं रक्तच कमी असेल तर जिन्याची कितीही पारायणं केलीत तरी ते भरून निघणार नाही. १०.२ का आहे हे त्यांना शोधू दे. तुमच्या वयात पाळीच्या वेळचा जास्त रक्तस्राव हे एक नेहमीचं कारण असतं. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. सकाळची गोळी आणि सकाळचा चहा यात आपल्याकडे घरोघरी घोटाळा असतो. दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. त्याच फेरीत थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि वय बघता हृदयाची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना 'ट्रेकला जाते' एवढंच न सांगता 'सलग चार-पाच रात्री ४,००० मीटरच्या वर झोपणार आहे' असं सांगा. या दोन वाक्यांवर डॉक्टर वेगवेगळे प्रश्न विचारतात. दातांच्या डॉक्टरांकडेही एकदा जाऊन या. लोबुचेला दाढ दुखायला लागली तर तिथे लवंगेपलीकडे काही मिळत नाही.

पाळी तेव्हा येणार असेल तर केमिस्टकडून आपल्या मनाने पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. पाळी आली म्हणून ट्रेक सोडावा लागत नाही. पॅड मुंबईतूनच न्या आणि वापरलेले घालून परत आणायला एक जाड काळी पिशवी.

डायमॉक्सबद्दल मुलाचं निम्मं बरोबर आहे. ती गोळी शरीराची जुळवून घेण्याची क्रिया लवकर सुरू करते, लक्षणं झाकत नाही. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिला हात लावू नये. डोसही त्यांनीच ठरवावा. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोड्याची चव पाणचट लागते. हे सगळं तिथे पहिल्यांदा अनुभवून घाबरण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद्या शनिवार-रविवारी घरीच घेऊन बघा. गोळी घेतली म्हणून डिंगबोचेची रात्र वाचत नाही, हे मात्र त्याला ठणकावून सांगा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर अजिबात नाहीत, कारण दोन्ही झोपेतला श्वास मंदावतात.

सासूबाईंची कापराची पुडी घेऊन जा. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, घरची आठवण येते. तिने रक्तातला प्राणवायू वाढत नाही एवढं तुम्हाला माहीत असलं की झालं. त्यांना पटवत बसू नका.

पायांची तयारी. हातात साडेतीन महिने आहेत आणि त्यातले बहुतेक पावसाचे. लोकलमध्ये डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने जाणं याला मी व्यायाम मानत नाही, सहनशक्ती मानते. आठवड्यातून तीन संध्याकाळी इमारतीचा जिना धरा. आधी रिकाम्या हाताने पंचवीस मिनिटं, दर आठवड्याला थोडं वाढवत पाऊण तासापर्यंत, मग पाठीवर सॅक. पहिले पंधरा दिवस सॅकमध्ये दोन बाटल्या पाणी, नंतर वाढवत पाच-सहा किलोपर्यंत. लिफ्टने खाली येऊ नका. सह्याद्रीत आपले गुडघे उतारावर बोलायला लागतात, खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या त्या भागातही तसंच. एका पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली टेकवायचा आणि पुन्हा वर घ्यायचा, हा साधा व्यायाम मांडीला जे देतो ते चालण्याने मिळत नाही. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस नुसतं झपझप चालणं.

रविवारी मोठी चाल. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते, तिथे व्यायाम कमी आणि उभं राहणं जास्त. त्यापेक्षा पहिली कर्जत लोकल पकडून नेरळला उतरा आणि माथेरानच्या घाटरस्त्याने, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीपर्यंत चढा. चढ सातशे मीटरच्या आसपास, पायाखाली डांबर, निसरड्याची भीती कमी. फक्त गाड्यांची गर्दी व्हायच्या आत वर पोचा. नामचेची बदनाम चढण पुलापासून वर साधारण सहाशे मीटर आहे, म्हणजे हा रस्ता तुम्ही सॅक घेऊन न थांबता चढलात तर नामचेसाठी पाय तयार आहेत. ठाण्याच्या वाचकांना येऊर आहे, बोरिवलीकरांना कान्हेरीचा रस्ता. सप्टेंबरमध्ये निदान दोनदा शनिवारी आणि रविवारी लागोपाठ चाला. तिथे एक दिवस चालणं कुणालाही जमतं. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या सकाळी बूट चढवणं हीच खरी सवय. निघण्याआधीचे सात-आठ दिवस मात्र हलके ठेवा.

बूट आत्ताच घ्या आणि ही सगळी तयारी त्याच बुटांत करा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचे जाड मोजे घालून दुकानात जा. उतारावर अंगठा पुढे आपटणार नाही इतकी जागा हवी. बाकी सामानावर फार खर्च करू नका. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूला ठमेलमध्ये भाड्याने मिळतात आणि मुंबईत परत आल्यावर ते जॅकेट तुम्ही कुठे घालणार आहात? अंगाला चिकटून राहणारे सुती कपडे नकोत, घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि गारठवतात. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. गोरकशेपला रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि खोल्यांना ऊब नसते, शेगडी फक्त जेवणघरात. गडद गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. चालण्याच्या काठ्या दोन घ्या. लुक्लाच्या विमानात साधारण १५ किलोच सामान नेऊ देतात, म्हणून दाण्याची चिक्की आणि खजूर न्याच, पण आख्खा फराळ नको. वर भूक मरते; डाळभात मिळतो तो मुकाट्याने खायचा. नामचेच्या वर मांसाहार टाळा, तिथलं मांस खालून दिवसेंदिवस वाहून आलेलं असतं.

वाटेत याक किंवा खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहा, दरीच्या बाजूला नाही. फोटोच्या नादात लोक नेमके कडेला जातात.

हवामानाबद्दल आयोजकाला दोन प्रश्न विचाराच. वाटेत हवा बिघडली तर थांबण्याचा निर्णय कोण घेतं, आणि कार्यक्रमात जादा दिवस किती आहेत? जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातले नऊ ट्रेकर गेले. ती उंची तुमच्या डिंगबोचेच्या आसपासची होती आणि महिना जूनचा. लुक्लाची विमानंही ढग आले की उडत नाहीत, शिवाय ऑक्टोबरच्या गर्दीत ती बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे आदल्या रात्री चार-पाच तासांचा गाडीप्रवास. तेव्हा परतीचं मुंबईचं तिकीट दोन दिवस मोकळे ठेवून काढा. नाहीतर विमान चुकेल म्हणून खाली धावायची पाळी येते.

ग्रुपवर उद्याच हे टाका: "डिंगबोचेला दोन रात्री असतील तरच मी येणार. ज्यांना रजा वाचवायची आहे त्यांनी काठमांडू दर्शनाचा दिवस काढावा." वाद घालू नका, एवढंच लिहा. मला वाटतं, आणखी दोघी-तिघी याच वाक्याची वाट बघत असतील. आयोजकच दिवस कापायला तयार होत असेल, तर पैसे परत मागा आणि आयोजक बदला.

राहिले कागद. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का आणि किती उंचीपर्यंत, ते पॉलिसीत वाचा. सहा हजार मीटर लिहिलेलं हवं, कारण ग्रुप गोरकशेपजवळच्या काला पत्थर या माथ्यावर जाणारच आणि ते साडेपाच हजारांच्या वर आहे. नेपाळला विमानाने जाताना आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. तुमच्या वयाला आधार कार्ड चालत नाही. आणि लग्नाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर असं असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी दोन्ही समोर ठेवून एकदा ताडून बघा.